व्याख्यानाची वाट कळमनुरीपर्यंत यावी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ मध्ये, इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाने महाविद्यालयाची पायरी कधीही न चढलेल्या स्त्री-पुरुषांसाठी गावोगावी व्याख्याने सुरू केली होती. दोन्हींमागचा विचार एकच होता : ज्ञान ही चार भिंतींत कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे. पुढे तेव्हाच्या पुणे विद्यापीठाने बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत आपले पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला लहान गावांपर्यंत नेली.

मराठवाड्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य उशिरा आले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे साध्या सभेसाठीही सरकारी परवानगी लागत असे. व्याख्यान हा तेथे विरंगुळा नव्हता. ते धाडस होते. म्हणूनच ग्रंथालये आणि राष्ट्रीय शाळा याच त्या काळी लोकजागृतीच्या छावण्या ठरल्या. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक म्हणून राबलेले स्वामी रामानंद तीर्थ त्याच परंपरेतून मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. नांदेड, परभणी, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. कळमनुरी त्यातच येते.

या वारशाच्या तुलनेत आजचे चित्र समाधानकारक म्हणता येणार नाही. मानव्यविद्यांची व्याख्याने पुष्कळ होतात. परंतु अनेक ठिकाणी ती मूल्यांकनाच्या अहवालासाठी होतात. वर्ग बंद करून विद्यार्थी सभागृहात आणून बसविले जातात, सत्कारांत तास जातो, वक्ता घाईघाईने बोलतो, छायाचित्र निघते आणि अहवालात एका ओळीची भर पडते. गावातील शेतकरी, व्यापारी, गृहिणी, निवृत्त शिक्षक यांना तर आमंत्रणच नसते. ‘अशा विषयांना आता श्रोता उरला नाही’ ही तक्रार मग कोणत्या तोंडाने करायची? रात्र-रात्र कीर्तनाला बसणारा समाज ऐकण्याला कंटाळलेला नाही. पोकळ बोलण्याला तो कंटाळला आहे.

मानव्यविद्यांचा उपयोग काय, असा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या या युगात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर मराठवाड्यानेच अलीकडे अनुभवले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तरातील मोडी आणि उर्दू कागद वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्या ध्यानात आली. हजारो कुटुंबांचे हक्क ज्या कागदांवर अवलंबून होते, ते कागद त्याच कुटुंबांना वाचता येत नव्हते! लिपीचे ज्ञान ही विद्वानांची हौस नसून सामान्य माणसाची गरज आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

म्हणूनच व्याख्यानाला कार्यशाळेची जोड हवी. कळमनुरी आणि आखाडा बाळापूर यांसारख्या गावी मोडीवाचनाचा आठ दिवसांचा वर्ग घेता येईल. घरोघरच्या पेटाऱ्यांतील पोथ्या, सनदा, जुनी पत्रे यांची जपणूक कशी करावी, हे शिकविता येईल. आणखी एक काम तर थांबू शकत नाही. १९४८ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीकडे झुकली आहेत. रझाकारांची दहशत, गाव सोडून काढलेले दिवस, सप्टेंबरमधील ती सुटका ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या आठवणी शास्त्रशुद्ध रीतीने नोंदवून घेण्याचे प्रशिक्षण तरुणांना आजच दिले पाहिजे. प्रत्येक वर्षागणिक एकेक साक्षीदार कायमचा मूक होतो आहे.

हे सारे विद्यापीठाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे योग्य नव्हे. विद्यापीठाने अभ्यासक वक्ते आणि मार्गदर्शक द्यावेत. स्थळ, वेळ आणि श्रोते ही गावाची जबाबदारी असावी. सायंकाळची वेळ, वर्षातील ठरलेला एकच आठवडा, ठरल्या क्षणी प्रारंभ, सत्काराला फाटा आणि शेवटी प्रश्नोत्तरांना अर्धा तास, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ साधेल. वाचनालये, महाविद्यालये आणि सामाजिक कार्यकर्त्यांनी पुढाकार घ्यावा. प्रत्येक घराने यथाशक्ती वर्गणी द्यावी. फुकट मिळालेल्या व्याख्यानाची रिकामी खुर्ची कोणालाच टोचत नाही. स्वतःच्या वर्गणीतून उभी राहिलेली व्याख्यानमाला मात्र आपली वाटते. आणि वक्ता आपल्याच मताचा असावा हा आग्रहही नसावा. भिन्न मत शांतपणे ऐकून त्याला अभ्यासाने उत्तर देणे, हेच तर प्रबोधनाचे खरे शिक्षण आहे.

याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी ही संत नामदेवांची भूमी मानली जाते. त्यांची वाणी पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली आणि त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. कोणतेही वाहन नसताना ज्या मातीतून ज्ञान एवढे दूर गेले, त्या मातीत नांदेडहून कळमनुरीपर्यंत व्याख्यान पोहोचू नये, हे भूषणावह नाही. वाट आहेच, दोन्ही टोकांनी चालायला प्रारंभ केला पाहिजे.