सार्वभौमत्व कोणाचे?

तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर, वेंगुर्ले तालुक्यातील रेडीला लागून आहे. तरीही तो गोव्यात मोडतो. नदी ही नैसर्गिक सीमा असते, असे भूगोलाच्या तासाला शिकलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. उत्तर इतिहासात आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, तरी त्यांनी मागे ठेवलेली सीमा राहिली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस; म्हणजे तेरा वर्षे एकाच भूमीला कागदोपत्री दोन धनी होते!

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. मालवण कोल्हापूरकरांकडून १८१२ साली इंग्रजांकडे गेले, शेजारचे सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत वेगळे राहिले, वेंगुर्ल्यात तर एके काळी डचांची वखार होती. एवढी निशाणे बदलली. पण महारवाड्यातील माणसाचा धनी बदलला काय? खोती गावांत त्याचा खरा राजा खोतच होता. पीक कोणी किती न्यावे आणि वेठीला कोणी यावे, हे ठरविणारा तोच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पूज्य बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा सार्वभौमत्वाचा प्रश्न त्यांनी शेताच्या बांधावर आणून उभा केला, असे आम्ही मानतो. त्यासाठी कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

एक राष्ट्र, एक राज्य ही कल्पना युरोपातून आली. तेथेच युगोस्लाव्हिया फुटला आणि चार भाषांचे स्वित्झर्लंड टिकून राहिले. तेव्हा केवळ भाषेने वा वंशाने राष्ट्र घडते, हे आम्हाला पटत नाही. हजारो जातींत विभागलेला समाज राष्ट्र कसा म्हणवू शकेल, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विचारलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही. त्यांच्या लेखी राष्ट्राचा पाया बंधुता हा होता आणि ते तत्त्व आपण बुद्धांकडून घेतल्याचे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. भाषिक राज्यांत बहुसंख्य जात लहान समाजांना दडपील, हा इशाराही त्यांनी १९५५ साली दिला होता.

या दृष्टीने १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातील जनमत कौल पाहावा. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हे लोकांनाच विचारले गेले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. आमच्याकडे आजही काही जण याला मराठीचा पराभव म्हणतात. परंतु त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत गोव्याच्या मतदारांनी विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्ता दिली. कुळांच्या हक्कांचा १९६४ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. आपली भूमी कोणत्या राज्यात असावी आणि आपले हित कोण पाहील, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्या मतदाराने ओळखले होते. पंडितांना ते अजून उमगायचे आहे.

पुढे काळाने गंमत केली. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना २०१८ साली शुल्क लागू झाले, तेव्हा आमच्या दोडामार्गातूनच तालुका गोव्यात घालण्याची मागणी उठली. तिला भाषाद्रोह म्हणणाऱ्यांनी आधी आजारी माणसाला घेऊन सीमा ओलांडून पाहावी.

आपल्या विद्यालयाची सहल दरवर्षी सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जाते. ती एकदा तेरेखोललाही न्यावी, आणि परतल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या वाडीतील जमिनीचा सातबारा मिळवून तीवर पूर्वी कोणाची नावे होती, हे लिहून आणावे.