कानांनी वाचणारा समाज

१९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेपाचहूनही कमी भरले. स्त्रियांत तर ते हजारी सातच्या आसपास होते. पूर्वीचा सामान्य माणूस वाचीतच नव्हता, असा निष्कर्ष या आकड्यावरून काढून मोकळे होण्याची प्रथा सुशिक्षितांत रूढ आहे. आकडा खरा असला, तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही. खानेसुमारीने अक्षरओळख असलेली माणसे मोजली. ग्रंथ ज्यांच्यापर्यंत पोहोचत होता ती माणसे मोजलीच नाहीत.

महाराष्ट्रात वाचन ही कित्येक शतके एकट्याने करावयाची गोष्ट नव्हती. चातुर्मासात शेतीचा एक हंगाम मार्गी लागला, की देवळात, पारावर किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागे. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. दिव्याचे तेलदेखील सामायिक, आणि गरिबाच्या घरात ही काही लहान बाब नव्हे. श्रीधरस्वामींचे १७१८ सालचे 'शिवलीलामृत' किंवा महिपतींचा १७६२ सालचा 'भक्तिविजय' हे ग्रंथ अशा श्रोत्यांसाठीच घडले. सुटसुटीत ओवी, एका बैठकीत आटोपणारा अध्याय आणि शेवटी ऐकणाऱ्यालाही वाचणाऱ्याइतकेच पुण्य देणारी फलश्रुती! श्रावणात कहाण्या ऐकणाऱ्या बायकांनी अक्षर गिरविले नसेल. परंतु कथेतील एक वाक्य चुकले, तर त्या वाचणारीला तिथल्या तिथे थांबवीत. याला वाचन म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

मात्र या चित्राने भारावून जाण्याचे कारण नाही. पोथी कोणी उघडावयाची आणि कोणी पायरीपासून किती दूर बसावयाचे, हे जातीने ठरविलेले होते. लोकभाषेत बोलणाऱ्या महानुभावांसारख्या पंथानेही, ज्याची पाळेमुळे विदर्भात रिद्धपूरला रुजली, आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेविले. ज्ञान मराठीत उतरले म्हणजे ते सर्वांचे झाले, असे मुळीच नाही.

शिवाय सामान्य माणसाची लिखिताशी आणखी एका ठिकाणी गाठ पडत असे, आणि तेथे पुण्याचा प्रश्न नव्हता. सक्करदऱ्याला नागपूरकर भोसल्यांचा वाडा आहे. भोसल्यांच्या राज्याचा कारभार चालला तो मोडीत. वसुलाचा कागद मोडी, सावकाराचे खत मोडी. ज्याने पोथी कानांनी वाचली, त्याला खत मात्र कोणी वाचून दाखवीत नव्हते. वाचून दाखविलेच, तर लिहिलेले निराळे आणि सांगितलेले निराळे. मे १८७५ मध्ये सुप्याला दंग्याचा वणवा पेटला, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या खतांवर आणि वह्यांवर झडप घातली. कागद ताब्यात घ्यावयाचे आणि जाळावयाचे, हा त्या उठावाचा गाभा होता. निरक्षर माणसाला लिखिताची किंमत कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य आठवावा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला तो याच अनुभवाच्या पायावर.

सत्यशोधकांचे खरे कर्तृत्व असे, की त्यांनी ऐकण्याची जुनी सवय मोडली नाही, तिच्यातील मजकूर बदलला. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीपर्यंत नेला. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातील खेड्यातून 'दीनमित्र' चालविला. त्याच साली नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक' काढले, १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक' आणि १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका'. या पत्रांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. पुढे बाबासाहेबांचे 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' अंकागणिक वस्त्यांतून मोठ्याने वाचले गेले. एका अंकामागे वर्गणीदार एक आणि वाचक किती, याचा हिशेब छापखान्याच्या वहीत सापडणार नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात लोटलेला समुदाय काही एका दिवसाच्या भाषणाने तयार झालेला नव्हता.

आता या साऱ्याचे अर्थकारण पाहिले पाहिजे. कारण वाचन हे आवडीइतकेच फुरसतीवर अवलंबून असते. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८१ च्या कारखाना कायद्याने केवळ मुलांच्या कामाचे तास ठरविले, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे. प्रौढ पुरुष मात्र मोकळाच राहिला, म्हणजे मालकाच्या मर्जीवर राहिला. कापड गिरण्यांतील पुरुष कामगारासाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री काय वाचणार? 'मजूर पत्रिका' निघाली तेव्हा तिच्या वाचकाची हीच अवस्था होती, आणि तरीही ती निघाली. कामाचा तास कमी करण्याची मागणी ही विश्रांतीची मागणी होती, तशीच ती डोके वापरण्यास मिळणाऱ्या वेळेचीही मागणी होती. आपल्या चळवळीच्या इतिहासात ही दुसरी बाजू फारशी लिहिली गेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, दुप्पट मोबदला मिळेल, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. पोटाला पुरत नाही अशा मजुरीवर राबणाऱ्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हे त्या खतांच्या इतिहासावरून ताडता येईल. १९११ चा आकडा ११४ वर्षांनी परत यावा आणि त्यावर वाङ्मयीन वर्तुळांत एक शब्दही निघू नये! 'लोक वाचीत नाहीत' हे रडगाणे मात्र तेथे बारमाही चालू असते.

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात ओझी वाहणारा मजूर आज साक्षर असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्याच्या खिशात फोन आहे आणि तो दिवसभरात वाचतो-ऐकतोही बरेच. बदलले आहे ते असे, की आता तो एकटा ऐकतो. पारावरच्या वाचकाला श्रोता 'थांबा, हे कसे?' असे विचारू शके. कानात खुपसलेल्या यंत्राला तसे विचारता येत नाही. खोटी बातमी इतक्या सुखाने पसरते, त्याचे एक कारण हे एकटेपण आहे. शिक्षण कमी पडते हे दुसरे कारण आहे, आणि ते पहिल्याहून मोठे असेलच असे नाही.

सरकारने या कामी किती लक्ष घातले, ते कायद्यातच दिसते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासने १९४८ मध्येच ग्रंथालयासाठी उपकर बसविला होता. महाराष्ट्राने तो बसविला नाही, वाचनालये अनुदानाच्या भरवशावर सोडली. उपकराची मागणी पक्षाच्या महानगरपालिका जाहीरनाम्यात आणि विधिमंडळातही आली पाहिजे. पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. शाखांकडे येणारा साप्ताहिकाचा अंक बहुधा चिटणीसाच्या घरी राहतो आणि रद्दीत जातो. तो आठवड्यातून एकदा, पाळी सुटण्याच्या वेळी, वस्तीत मोठ्याने वाचावा. वाचणारी शक्यतो वस्तीतलीच एखादी मुलगी असावी. ऐकणाऱ्यांनी तिला हवे तेथे अडवावे, आणि अग्रलेखातील जे वाक्य तिसऱ्यांदा वाचूनही कोणाला उमजले नाही, त्यावर खूण करून तो अंक संपादकांकडे परत पाठवावा.