गुडघ्यात वंगण भरण्याआधी

बायकांच्या कोणत्याही बैठकीत पाहा, पन्नाशीच्या मैत्रिणी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेल्या असतात. घरी मात्र ‘वयच झालं आता’ एवढ्यावर विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांधेझिजीचा आजार होता. त्यांत ६० टक्के स्त्रिया होत्या. तेव्हा गुडघेदुखी हा आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे.

या दुखण्यावर आता इंजेक्शन सुचवले जाते. ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, भरून घ्या.’ निरोगी सांध्यातल्या द्रवात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असते. झीज झाली की ते पातळ होते, म्हणून त्याचेच जेल सुईने आत सोडतात. ऐकायला पटते. पण २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १६९ चाचण्यांचा, एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा छापला. औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणे इतके थोडे कमी झाले होते, की रुग्णाला फरक जाणवू नये. गंभीर त्रासाचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ही इंजेक्शने देऊ नयेत, असे डॉक्टरांना सांगितले.

दुसरे जेल पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे. युरोपात त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यात ९७.५ टक्के पाणी असते, पण उरलेला अडीच टक्के पदार्थ शरीरात विरत नाही, सांध्याच्या अस्तरात राहतो. याच जातीच्या पदार्थाचे जेल चीनमध्ये स्तनांचा आकार वाढवण्यासाठी टोचले जात होते. गाठी आणि जंतुसंसर्गाच्या तक्रारींनंतर २००६ मध्ये तिथल्या सरकारने ते बंद केले. गुडघ्यातही तसेच होईल असे नाही. पण जे शरीरात कायमचे राहणार, त्याचा हिशेब कित्येक वर्षांचा मागायला हवा.

इंजेक्शनला प्रश्न विचारणे आपल्याला नवे नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चाचणीतल्या बायकांना पूर्ण माहितीच दिली नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तोच हक्क इथेही आहे. फरक किती पडेल? किती महिने टिकेल? एकूण खर्च किती? त्रास झाला तर जबाबदारी कोणाची? उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणे, हे उपाय खात्रीचे आहेत. व्यायामाला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि तोच बाईजवळ नसतो. ‘उकिडवं बसू नका’ हा सल्ला ऐकून घरी आलेली बाई पुन्हा उकिडवी बसूनच धुणी धुते, फरशी पुसते, शेतात खुरपते. धुण्याचा कट्टा उंच करणे, लांब दांड्याचा झाडू आणणे, बसायच्या भांड्याचा संडास बांधणे, आणि घरातल्या पुरुषांनी कामाचा वाटा उचलणे, हेसुद्धा गुडघ्याचे औषधच आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात व्यायाम शिकवणारी व्यक्ती हवी, ही मागणी आपल्या गटांनी आता लावून धरावी. गुडघे आपले आहेत. त्यांच्याविषयीचा निर्णयही आपणच, समजून-उमजून घेऊ या.