नगीना घाट ते तेरची पांढर: खड्याचे मोल ठरते कशावरून?

१/
नांदेडमध्ये गोदावरीच्या काठी नगीना घाट आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले, त्या काळातील एक कथा या घाटाच्या नावामागे सांगितली जाते. गुरूंना कोणी एक मौल्यवान रत्न अर्पण केले आणि त्यांनी ते नदीत टाकून दिले. अर्पण करणारा खट्टू झाला. गुरूंनी त्याला पाण्यात पाहायला सांगितले, तर तळाशी तशीच असंख्य रत्ने झळकत होती. रत्न देणारा कोण, याविषयी परंपरा दोन आहेत. एकीत तो बादशहा बहादूरशहा आहे, तर दुसरीत बंजारा समाजातील एक भक्त.

२/
श्रद्धेच्या अंगाने ही कथा निरिच्छतेची आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तीत आणखी एक प्रश्न दिसतो. सारखीच दिसणारी शेकडो रत्ने समोर असताना त्यातले आपले कोणते, हे ओळखायचे कशावरून? रंग तोच, चकाकी तीच, वजनही तेच. खड्याला ओळख मिळते ती तो कुठून आला यावरून. मराठवाड्यातील रत्नांच्या आणि कोरीव दगडांच्या छोट्या दुकानांकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले पाहिजे. त्यासाठी हा धागा.

३/
आधी भूगर्भ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग याच काळ्या बेसाल्टवर वसला आहे. देगलूर-बिलोलीकडे गेले की ग्रॅनाइट लागतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांत अकीक, स्फटिक आणि झिओलाइट तयार झाले. खडक झिजला, पण ही कठीण खनिजे टिकली आणि नदीच्या खडीत येऊन पडली. गोदावरीच्या तळाशी ‘रत्ने’ आहेत, हे भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनेही फारसे खोटे नाही!

४/
माणसाला हे फार पूर्वीच उमगले होते. पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या जुन्या खडीत भूवैज्ञानिक वाईन यांना १८६० च्या दशकात अकीकाचे एक छिलका-हत्यार सापडले. भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासातील सुरुवातीच्या महत्त्वाच्या शोधांत त्याची गणना होते. का? अकीकाचा तुकडा कुठेही मिळतो. हा तुकडा मात्र नामशेष प्राण्यांचे जीवाश्म देणाऱ्या थरांत मिळाला होता आणि तो थर नोंदवला गेला होता. तोच तुकडा बाजारात मिळाला असता, तर ती एक साधी गारगोटी ठरली असती.

५/
आता दुकान. नांदेड-लातूरसारख्या शहरांत रत्नांचे दुकान बहुधा एका गाळ्याचे असते. काचेच्या कपाटात राशीचे खडे, स्फटिकाच्या माळा, अकीकाच्या अंगठ्या, नर्मदेतील बाणलिंगे, काळ्या दगडाचे कासव, हातात मावेल एवढा गणपती. खड्याने भाग्य उजळते का, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे आणि या धाग्याचा नाही. येथे प्रश्न एवढाच, की कपाटातील वस्तूसोबत तिची माहिती किती येते? चिठ्ठीवर किंमत असते, रास असते. दगडाचे खरे नाव, तो कुठल्या खाणीतला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे बहुधा नसते.

६/
प्रक्रिया हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तांबडा अकीक, ज्याला पुरातत्त्वाच्या ग्रंथांत कार्नेलियन किंवा इंद्रगोप म्हणतात, तो बऱ्याचदा मुळात तेवढा तांबडा नसतो. गुजरातमधील रतनपूर परिसरातला पिवळट-तपकिरी दगड भट्टीत तापवला की त्यातील लोहामुळे त्याला लाली चढते. खंबातचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत आणि हडप्पाकालीन कारागिरांनाही ही विद्या अवगत होती. तापवणे ही फसवणूक नव्हे. ती पाच हजार वर्षांची कारागिरी आहे. लपवले की मात्र तिची फसवणूक होते.

७/
अकीक सच्छिद्र असल्यामुळे तो रंगही शोषून घेतो. दुकानातील झगझगीत निळा किंवा गुलाबी अकीक हा बहुतेक वेळा रंगवलेला असतो. ‘जेड’ म्हणून मिळणारे हिरवे कासव अनेकदा सर्पेंटाइनचे किंवा रंगीत क्वार्ट्‌झचे निघते. वस्तू म्हणून ती सुंदर असू शकते. घेणाऱ्याने ती जे आहे ते म्हणून घ्यावी, एवढेच. नव्या वस्तूंपुरता हा प्रश्न प्रामाणिक चिठ्ठीने सुटतो. खरी अडचण सुरू होते ती ‘जुने मणी’ या दोन शब्दांपाशी.

८/
त्यासाठी लातूरहून पश्चिमेला, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जावे लागते. तेरणाकाठचे तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव, आणि प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये भडोच बंदराला माल पुरवणाऱ्या दोन शहरांची नावे नोंदवली: भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे साधार मांडले.

९/
पेरिप्लसमधील एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. मौल्यवान दगड गाड्या भरभरून जातात ते पैठणहून. तगरच्या नावापुढे जाडेभरडे कापड आहे, मलमल आहे. दगडाचा उल्लेख नाही. केवळ ग्रंथावर विसंबले, तर तगर हे कापडाचे गाव ठरते. पण तेरच्या मातीतून अकीकाचे, कार्नेलियनचे, काचेचे आणि शंखाचे मणी मोठ्या संख्येने मिळाले आहेत. ग्रंथाने जे सांगितले नाही ते मण्यांनी सांगितले. आणि मणी ते सांगू शकले, कारण ते तेरचे आहेत हे माहीत होते.

१०/
यामागे एका माणसाचे मोठे ऋण आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात मिळणाऱ्या प्राचीन वस्तू जमवून जपल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंती वस्तू अशा या संग्रहातून पुढे तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. पदवी नाही, अनुदान नाही, तरीही एका गावकऱ्याने सातवाहनकालीन महाराष्ट्राचा एक अमूल्य दस्तऐवज वाचवला. तेरला जाणाऱ्याने हे संग्रहालय चुकवू नये.

११/
येथे एक प्रतिवाद येतो आणि तो हलका नाही. लोकांनी जमवले नसते, तर काय उरले असते? मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर टाकण्यासाठी गाड्या भरून नेली जाई, शेतातही पसरली जाई. तिच्यासोबत मणी, खापरे, नाणी सारेच जाई. पावसानंतर उघडे पडलेले मणी कोणी उचलले म्हणूनच ते आज आहेत. मग संग्राहकाला आणि त्याला माल देणाऱ्या दुकानदाराला दोष का द्यावा?

१२/
याचे उत्तर तीन पायऱ्यांत मांडता येते.
पहिली: उत्खननातला मणी. तेरला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेकदा उत्खनने झाली. अशा मण्याचा थर ठाऊक असतो, म्हणून काळ ठाऊक असतो.
दुसरी: लामतुरे संग्रहातला मणी. थर हरवला, पण गाव उरले. त्यामुळे तो तगरच्या व्यापाराविषयी अजून बोलू शकतो.
तिसरी: दुकानातल्या वाडग्यातला मणी. थर नाही, गाव नाही, सांगणारा कोणी नाही. उरतो तो भोक पाडलेला सुंदर दगड.
लामतुरे आणि बाजार दोघेही वस्तू गोळा करतात. एकाने गाव जपले, दुसऱ्याने ते पुसले.

१३/
यावर काही जण म्हणतील, जाणकार डोळ्याला मण्याचे वय दिसतेच. पुष्कळदा दिसत नाही. खंबातमध्ये आजही अकीक घासून, भोक पाडून, चकाकी देऊन मणी घडवले जातात आणि त्यांत जुन्या घाटाचे मणीही असतात. भोकाच्या आतील खुणा, झीज, कडांची घासट यांवरून अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि तुलनेचे साहित्य लागते. वाडग्यात हात घालून ते ठरत नाही. म्हणजे ‘जुना’ म्हणून घेतलेला मणी नवा असेल, तर गिऱ्हाईक फसले. आणि खरोखरच जुना असेल, तर एखाद्या पांढरीचे पान फाटले. हा सौदा इतिहासप्रेमीला कोणत्याही बाजूने फायद्याचा नाही.

१४/
सापडण्याची जागा किती मोलाची असते, याचे उत्तम उदाहरण साता समुद्रापार आहे. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची हे निर्विवाद ठरले. पुढे तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आणि मराठवाड्याचा रोमन जगाशी असलेला संबंध या चर्चेत ठळकपणे आला. या तीनही वस्तू गावांच्या नावांविना एखाद्या दुकानात मांडल्या असत्या, तर ती तीन शोभेची चित्रे झाली असती.

१५/
मण्यांचे जे, तेच कोरीव दगडांचे. नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटकालीन महाकाय क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष आहेत. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे आहेत, लातूर जिल्ह्यात निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर आहे. भग्न महामूर्तीचा एखादा तुकडा दूर कुणाच्या दिवाणखान्यात पोहोचला, तर तो केवळ ‘दगडी पाय’ उरतो. तो कोणत्या देहाचा, हे सांगणारे बाकीचे तुकडे कंधारला असतात. मंदिराच्या भिंतीवरील सुरसुंदरीही आपल्या शेजारणींमध्येच पूर्ण होते.

१६/
कायदा काय म्हणतो? पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे आणि कलावस्तू या ‘पुरावस्तू’ ठरतात. त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, दगडी शिल्पांसारख्या प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. त्याहून जुना १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. ‘आमच्याच शेतात सापडले’ हे म्हणणे पुरेसे ठरत नाही.

१७/
केवळ कायद्याच्या धाकाने मात्र हा प्रश्न सुटणार नाही. धाक वाढला की सापडलेली वस्तू लपते आणि लपलेली वस्तू सर्वांत आधी आपले गाव विसरते. म्हणून छोट्या दुकानदाराला शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. खंबातचा नवा मणी, पाथरवटाने आज घडवलेला गणपती, जालना-जळगाव पट्ट्यातल्या खाणीतले झिओलाइट यांची विक्री हा प्रतिष्ठेचा धंदा आहे आणि त्यातून जिवंत कारागिरी जगते. त्याने चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: दगडाचे नाव, मूळ ठिकाण, प्रक्रिया, आणि ‘नवीन घडण’. जे या चार ओळींत बसत नाही, ते कपाटात ठेवू नये.

१८/
आणि गिऱ्हाइकाने? नवे खुशाल घ्यावे, जुने विकत घेऊ नये. पांढरीवर मणी किंवा कोरीव दगड दिसला, तर तो जागेवरच असताना शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र काढावे. गाव, शेताचा गट क्रमांक आणि तारीख टिपावी आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर मात्र टाकू नये, कारण ते वाचणारे सगळेच अभ्यासक नसतात. ज्यांच्या घरी आजोबांनी शेतातून आणलेले मणी आहेत, त्यांनी आजच एका कागदावर गावाचे नाव लिहून त्या डबीत ठेवावे. सांगणारी पिढी आहे, तोवरच हे शक्य आहे.

१९/
नगीना घाटाच्या कथेतील माणसाला तळाशी असंख्य रत्ने दिसली आणि त्यातले आपले कोणते हे सांगता आले नाही. तेरच्या संग्रहालयातील छोटासा तांबडा मणी बाजारभावाने फार तर एका जेवणाच्या किमतीचा असेल, पण तो तेरचा आहे हे सांगता येते. त्या एका शब्दाच्या बळावर तो पैठण, भडोच आणि रोमपर्यंतच्या चर्चेत साक्षीला उभा राहतो. मराठवाड्याच्या पांढरींत असे साक्षीदार अजून बरेच असतील. त्यांची नावगाव पुसून त्यांना वाडग्यात ओतू नये, एवढी काळजी या पिढीने घ्यायला हवी.