आधी निदान, मग खरेदी

परवा गावाहून बाबांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर गेला. एकही साइट उघडत नाही. दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, हा एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवीन घ्या."

म्हटलं, "बाबा, कोपऱ्यातली तारीख वाचा बघू."

"१ जानेवारी २०१०."

झालं निदान! मदरबोर्डवर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ तोच चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते. मग ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र बघतो, त्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं त्याला वाटतं, आणि तो दार लावून घेतो. दोष पन्नासेक रुपयांचा, सल्ला हजारोंचा!

अर्थात मीही काही फार शहाणा नाही. स्वतःचं मशीन रखडतंय म्हणून एकदा रॅम ४ची ८ जीबी केली. फरक शून्य. आधी टास्क मॅनेजर उघडला असता तर डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली असती. ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तेव्हा कुठे ते पळायला लागलं.

अपग्रेड करावंच, पण आधी नेमकं काय अडलंय ते बघून.

आणि हो, बाबांच्या त्या 'गेलेल्या' कॉम्प्युटरमध्ये आईचे सगळे फोटो आहेत. दुसरी प्रत कुठेच नव्हती. रविवारी गेलो, आधी फोटो उतरवून घेतले. सेल मग बदलला.