लोकप्रसारणाचा खर्च कोणी उचलावा?

सार्वजनिक प्रसारणसंस्था चालविण्यासाठी लागणारा पैसा प्रत्येक प्रेक्षकाकडून सक्तीच्या शुल्काने वसूल करावा काय, हा प्रश्न युरोपातील अनेक देशांत चर्चिला जात आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या अखेरपर्यंत आहे आणि त्यानंतर परवाना शुल्काचे काय करावयाचे, यावर तेथे मोठे मतभेद आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वनप्रदेशातील आमच्या वाचकांना हा वाद दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु लोकप्रसारणाची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, अशा लोकांत आपले धर्मग्राम वसलेले आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार आपणही करावयास हवा.

आपल्या देशात असे शुल्क होतेच. ज्येष्ठ वाचकांना रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आठवत असेल. दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन ते नूतनीकरण करून घ्यावे लागे. रेडिओसाठी वर्षाला १५ रुपये आणि दूरचित्रवाणी संचासाठी ५० रुपये भरावे लागत. परवाना नसल्यास निरीक्षकाला दंड करता येई, संचही जप्त करता येई. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली. तथापि दार पूर्णपणे लावलेले नाही. १९९० च्या प्रसार भारती कायद्याचे १७ वे कलम सांगते की, संसदेच्या मंजुरीने केंद्र सरकार या महामंडळाला अनुदान देऊ शकते आणि प्रसारण संचांचे परवाना शुल्क असल्यास, वसुलीचा खर्च वजा जाता, त्याचे उत्पन्नही देऊ शकते. ‘असल्यास’ या एका शब्दात जुना मार्ग आजही उघडा आहे.

शुल्काच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुबळा नाही. जो पैसा देतो त्याचे ऐकावे लागते, हा व्यवहाराचा नियम आहे. जाहिरातदार पैसा देत असेल तर कार्यक्रम ग्राहकांसाठी होतात, सरकार देत असेल तर बातम्या सत्ताधाऱ्यांकडे पाहून लिहिल्या जाण्याचा धोका असतो. श्रोत्याने स्वतः पैसा दिला, तर संस्था त्याला उत्तरदायी राहते. ब्रिटनमध्ये १९२२ पासून ही पद्धत चालू आहे. जर्मनीत २०१३ पासून संचामागे नव्हे, तर प्रत्येक घरामागे वर्गणी घेतली जाते आणि प्रसारणसंस्थांच्या देखरेख मंडळांवर कामगार संघटनांप्रमाणेच कॅथोलिक व प्रॉटेस्टंट चर्चचेही प्रतिनिधी बसतात. स्वित्झर्लंडमध्ये ४ मार्च २०१८ रोजी हे शुल्क रद्द करण्याचा प्रस्ताव जनमतास टाकला गेला, तेव्हा ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. शुल्क भरणारे लोक स्वतःच ते राखू इच्छितात, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

असे असले तरी सक्तीच्या शुल्काचा एक मोठा दोष आहे. श्रीमंताचे घर आणि गरिबाचे घर यांना ते एकाच मापाने मोजते. ब्रिटनमध्ये २०२५ साली हे शुल्क वर्षाला १७४.५० पौंड ठरले. ते न भरल्याबद्दल तेथे ज्यांच्यावर खटले चालतात, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात. निरीक्षक दारावर येतो तेव्हा बहुधा घरची स्त्रीच समोर असते. हा दोष ओळखून फिनलंडने २०१३ मध्ये उत्पन्नानुसार प्रसारण कर लागू केला. स्वीडनने २०१९ मध्ये आणि नॉर्वेने २०२० मध्ये करपद्धतीचाच स्वीकार केला. फ्रान्सने तर २०२२ मध्ये आपले शुल्क रद्दच केले.

आता हेच माप आपल्या जिल्ह्यांना लावून पाहावे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागडचा पावसाळ्यात वारंवार जगाशी संपर्क तुटतो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आणि दाट अरण्य त्यांना अडवितात. मध्यम लहरी दूरवर पोहोचत, परंतु त्यांची अनेक प्रक्षेपणकेंद्रे गेल्या काही वर्षांत देशभर बंद करण्यात आली. म्हणजे ज्यांना सेवा सर्वांत कमी मिळते, त्यांनीही नागपूरच्या बंगल्याइतकेच शुल्क भरावे, असा त्याचा अर्थ होईल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या २,५३९ कोटी रुपयांच्या प्रसारण विकास योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त व सीमावर्ती भागांत तसेच आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक सेट टॉप बॉक्स विनामूल्य देण्याचे ठरविले. गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. एका हाताने संच द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्याच घराकडून शुल्क मागावयाचे, हे सुसंगत होणार नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. निर्गमाच्या पुस्तकात श्रीमंत आणि गरीब या दोघांनाही सारखीच मंदिरपट्टी लावली होती. त्यामागे एक थोर विचार होता: देवासमोर दोघांची योग्यता समान आहे. प्रभू येशूने तीच पट्टी पेत्राकरवी भरली, परंतु राजाची मुले करमुक्त असतात, हे आधी त्याच्या ध्यानात आणून दिले. आणि विधवेने दानपेटीत दोन नाणी टाकली, तेव्हा त्या दोन नाण्यांचे वजन धनिकांच्या दानाहून अधिक असल्याचे प्रभूने शिष्यांना दाखविले. यातून आम्हांस इतके उमगते की, समान योग्यता हवी, परंतु ती देण्यासाठी समान ओझे लादण्याची आवश्यकता नाही.

शुल्क गेल्याने प्रसारण फुकट झाले, असेही कोणी समजू नये. प्रसार भारतीला सरकारकडून दरवर्षी दोन हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. देशाच्या लोकसंख्येने भागले, तर माणशी वर्षाला वीस रुपयांच्या आसपास रक्कम येते. तेंदूपत्ता तोडून मिळालेल्या मजुरीतून मोबाइलचा रिचार्ज करणारी माडिया तरुणीही त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरते. तिचाही वाटा त्या अनुदानात आहे. फरक एवढाच की, जुन्या परवान्याचे पुस्तक हातात असणारा मनुष्य ‘मी पैसे भरले आहेत’ असे म्हणू शकत होता. या तरुणीच्या हाती तशी पावती नाही. शुल्काबरोबर हक्काची जाणीवही लोप पावली, हे आमच्या मते खरे नुकसान आहे.

जाहिरातीने हे नुकसान भरून निघेल काय? विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूर केंद्रांवर. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा आज चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे आणि खासगी वाहिन्या तिच्यावर जागा मिळविण्यासाठी लिलावात बोली लावतात. हा उत्पन्नाचा चांगला मार्ग आहे. परंतु माडिया बोलीतील हिवतापाविषयीच्या कार्यक्रमासाठी बोली कोण लावणार? वैनगंगेला पूर आला, वाघ गावाजवळ फिरू लागला, धानाच्या खरेदीची तारीख बदलली, या वार्तांना बाजारात मोल नाही. शिवाय खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, ती आकाशवाणीचीच बातमीपत्रे पुनःप्रसारित करू शकतात. रेडिओवरील वृत्तासाठी जनता सर्वस्वी लोकप्रसारणावर अवलंबून आहे.

म्हणून आमचे मत असे आहे. संचामागे किंवा घरामागे सक्तीचे शुल्क पुन्हा आणू नये. लोकप्रसारणाचा खर्च सामान्य करांतूनच व्हावा, मात्र ती रक्कम दरवर्षीच्या मर्जीवर न ठेवता संसदेने निदान पाच वर्षांसाठी निश्चित करून द्यावी. त्यामुळे अनुदान कापले जाण्याच्या भीतीने बातमीदाराची लेखणी थबकणार नाही. आणि त्या पैशाच्या बदल्यात श्रोत्याला मोजता येईल असे काही मिळावे. याच कायद्याचे १२ वे कलम नागरिकाचा सत्य व निःपक्षपाती माहितीचा हक्क जपणे, मागास व दुर्गम भागांतील लोकांची सेवा करणे आणि अल्पसंख्य व आदिवासी समाजांच्या विशेष गरजा ध्यानात घेणे, ही कर्तव्ये सांगते. तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषदेची तरतूदही कायद्यात आहे, ती प्रत्यक्षात यावी. चंद्रपूर केंद्रावरून गोंडी व माडियात, सिरोंच्याच्या बांधवांसाठी तेलुगूत आणि मुलचेरा परिसरातील कुटुंबांसाठी बंगालीत किती वेळ कार्यक्रम होतात, हे वर्षातून एकदा जाहीर व्हावे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात समाजाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे स्पष्टपणे म्हटले आहे. हा हक्क केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही, तो प्रत्येक माणसाचा आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने मोठे स्थान दिले आहे. आमची धर्मग्रामांतील बंधुभगिनींना विनंती आहे की, त्यांनी आपल्या शेजाऱ्यांसह पुढील ग्रामसभेत हा विषय मांडावा. आपल्या गावी आकाशवाणी ऐकू येते काय, कोणत्या भाषेत येते आणि पुराच्या दिवसांत उपयोगी पडते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरावात लिहून ती केंद्राकडे आणि आपल्या खासदारांकडे पाठवावीत.