उतार काही फुकट नसतो!

दर रविवारी सकाळी सहाला आमचं टोळकं वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमतं. पंधरा-सोळा जण, त्यातले निम्मे आयटीवाले, म्हणजे आकड्यांचं वेड आलंच. मास्तर घड्याळ लावतात, आम्ही धापा टाकत चढ मारतो, वर पोचलो की वेळ वहीत. घड्याळ तिथेच बंद! मग सगळे गप्पा मारत खाली. आणि या एका आकड्यावर ठरतं, कोण 'फास्ट' बॅचमध्ये आणि कोण 'स्लो'.

मला हे साफ अमान्य आहे. प्रोग्रॅम नुसता कंपाइल झाला म्हणून रिलीज करतो का आपण?

आमच्यातल्या एक काकू चढाला कायम शेवटच्या तिघांत. पण उतारावर बघा! छोटी छोटी पावलं, हात मोकळे, आणि आम्हा पोरांना मागे टाकून खाली हजर. बॅच? अर्थात स्लो. मी चढाला तिसरा, म्हणून फास्ट.

माझी हवा निघाली सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये. तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. जाताना मी राजा. परतताना मांड्यांनी असहकार पुकारला आणि काकू शांतपणे पुढे निघून गेल्या. पुढचे दोन दिवस ऑफिसचा जिना मी कठडा धरून, उलटा उतरत होतो.

कारण साधं आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात. दम कमी लागतो, पण स्नायूंना मार जास्त बसतो, आणि दुखणं कळतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मात्र बेताने सराव केला, तर पुढचे काही आठवडे तसाच उतार बराच कमी दुखवतो. म्हणजे उतरणं ही कमवायची गोष्ट आहे, गुरुत्वाकर्षणाची कृपा नव्हे.

मास्तरांचं म्हणणं, "उतारावर घड्याळ लावलं तर पोरं पडतील." मान्य, मुरमाड पायवाटेवर नकाच लावू. सौम्य उताराचा, मोकळा डांबरी रस्ता घ्या, दोन-तीनशे मीटर पुरे. आणि न शिकवता शर्यतीत घाट उतरायला सोडलं, तर पोरं पडणार नाहीत का?

तेव्हा मागणी एकच. वहीत दोन रकाने करा: चढाचा नंबर, उताराचा नंबर. चढाला तिसरा आणि उताराला अकरावा असलेल्याने आणखी चढ मारून काय मिळवायचं? त्याचा दम ठीक आहे. कच्च्या आहेत त्या मांड्या, पावलं आणि मनातली भीती. काकूंचं नेमकं उलटं. दोघांना एकच व्यायाम देणं हा शुद्ध आळस आहे.

आणि हो, उताराच्या दिवशी मला स्लो बॅचमध्ये टाका, काकूंच्या मागे. शिकायचंय.

असो. भेटू रविवारी.